बुधवारचं टेबल

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या मराठी मंडळींत मी कम्युनिटी कॉलेजात नोकरी करते असं सांगितलं, की समोरच्याचा चेहरा जरासा पडतो. "असं का? छान, छान," म्हणून तो बटाटेवड्यांकडे वळतो. आपल्या लोकांना अमेरिकेतली चार-पाच विद्यापीठं ठाऊक असतात आणि आपल्या मुलांचा जन्म त्याच चार-पाच ठिकाणी जाण्यासाठी झालाय अशी त्यांची खात्री असते. ज्याला कुठेच प्रवेश मिळाला नाही तो कम्युनिटी कॉलेजात जातो, ही समजूत तर इतकी पक्की की एका बाईंनी मला चक्क धीर दिला होता, "अहो, नोकरी ती नोकरी. मनाला लावून घेऊ नका."

मी मनाला लावून घेतलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होतेय, आणि इतक्या वर्षांत मला त्या कॉलेजात जायचा कंटाळा आला असा दिवस आठवत नाही. मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी "नोकरीतले गमतीदार अनुभव" मागितले होते. एक गमतीदार आहे, तो सांगते. दुसरा गमतीदार नाही, पण तो टाळून बाकीचं लिहिणं म्हणजे नुसता वेळ काढणं होईल.

माझं काम थोडक्यात असं. अमेरिकेत आपल्यासारखं बारावीनंतर थेट लॉ करता येत नाही. आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग लॉ स्कूल. त्या चारांतली पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून पुढची दोन मोठ्या विद्यापीठात करता येतात. ज्यांना वकील व्हायचंय त्यांना त्या पहिल्या दोन वर्षांत तयार करायचं आणि पुढे ढकलायचं, याला प्री-लॉ म्हणतात. मी स्वतः अकोल्याच्या कोर्टात काही वर्षं वकिली केली होती. लग्न होऊन इथे आले आणि माझी सनद कपाटात गेली. इथली परीक्षा द्यायची द्यायची म्हणता दोन मुलं झाली. त्यामुळे मी इथे कायदा शिकवू शकते, पण कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही. सनद नसताना सल्ला देणं हा इथे गुन्हा आहे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलंय की माझ्या नवऱ्यालाही पाठ आहे.

मी लागले तेव्हा प्री-लॉ म्हणजे एक वर्ग आणि एक जाडजूड पुस्तक एवढंच होतं. पोरं वाचायची, परीक्षा द्यायची, विसरायची. मी डीनच्या मागे लागून मुलांना वर्गाबाहेर काढलं. कोर्टात नेऊन मागच्या बाकांवर बसवलं. गावच्या सभेत नेलं. तिथे कुणाही नागरिकाला उठून तीन मिनिटं बोलता येतं, ती तीन मिनिटं कशी वापरायची ते शिकवलं. निवडणुकीच्या आधी कॉलेजच्या दारात टेबल मांडून मतदारनोंदणी करायला लावली. डीन पहिल्यांदा म्हणाला, "यात लॉ कुठे आहे?" मी म्हणाले, "पुस्तकात जो आहे तो इथूनच गेलाय." तो गप्प बसला, कारण त्याला जेवायला जायचं होतं.

आता तो गमतीदार अनुभव. रे नावाचा माझा एक विद्यार्थी होता, साठीचा, जन्मभर ट्रक चालवलेला. पहिल्यांदाच कोर्टात नेलं होतं, कुणाच्या तरी कुत्र्याच्या भुंकण्याची तक्रार चालू होती. शेजारीण कायच्या काय सांगत सुटली, आणि मागच्या बाकावरून रे ताडकन उभा राहून गरजला, "ऑब्जेक्शन!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, तुमची हरकत योग्य आहे, पण तुम्ही या खटल्यात नाही." रे पुढे खरंच एका वकिलाच्या कचेरीत लागला आणि अजून दर नाताळात मला कुत्र्याचं चित्र असलेलं कार्ड पाठवतो.

सगळ्यात जास्त धडपड मी कशासाठी केली असेन तर बुधवारच्या टेबलासाठी. डोना नावाची एक वकीलबाई, केस पांढरे, बोलणं तुटक, दर बुधवारी दुपारी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येऊन बसायची आणि गावातल्या कुणालाही फुकट सल्ला द्यायची. भाडेकरूंची भांडणं, बुडवलेला पगार, व्हिसाच्या भानगडी. बाहेरच्या टेबलाशी माझे विद्यार्थी बसत. आलेल्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, काय अडचण आहे ते दोन वाक्यांत समजून घ्यायचं आणि आत सोडायचं. सल्ला द्यायचा नाही. हे दोन वाक्यांत समजून घेणं फार अवघड असतं. घाबरलेला माणूस मूळ गोष्ट सोडून सगळं सांगतो.

आपले लोक तर स्वतःविषयी कधीच विचारायला येत नाहीत. ते मित्रासाठी येतात. "मावशी, माझा एक मित्र आहे, त्याचा ना जरा प्रॉब्लेम झालाय." कधी देवळात, कधी ग्रोसरीच्या दुकानात गाठतात. पूर्वी मी त्यांना विचारायची नाही की मित्र कोण. बुधवारी पाठव म्हणायची. निम्मे मित्र यायचे.

त्या टेबलाशी माझ्या सगळ्या वर्षांत सर्वांत चांगली बसली असेल तर इरा. किशोर आणि संध्या हे नागपूरचं जोडपं, किशोर आयटीत. इरा चार वर्षांची असताना ते इथे आले. ग्रीन कार्डच्या रांगेत उभे राहून पोर कॉलेजात जायच्या वयाची झाली तरी रांग हलली नव्हती. वडिलांच्या व्हिसावर वाढलेल्या मुलीला इथे फीसाठी सरकारी मदत मिळत नाही, म्हणून ती कमी फीच्या आमच्या कॉलेजात आली. तिच्या आईनं मंडळात हे कुणाला सांगितलं नव्हतं. इरानं मात्र गणपतीत स्टेजवरून सांगितलं, आणि वर "इट्स अमेझिंग, यू गाइज शुड कम" असंही म्हणाली. संध्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

ही मुलगी मतदारनोंदणीच्या टेबलाशी उभी राहिली की कुणी तसंच पुढे जाऊ शकत नसे. एकदा एक मुलगा तिला म्हणाला, "माझ्या एका मतानं काय होणारे?" ती म्हणाली, "मग ते मला दे. मला खूप दिवसांपासून एक हवंय." तो खजील होऊन बसला आणि त्यानं नाव लिहिलं. वर्गात ती मला प्रोफेसर म्हणायची, दाराबाहेर पाऊल टाकलं की मावशी. बुधवारच्या टेबलाशी ती प्रत्येकाला सुरुवातीलाच एक प्रश्न विचारायची, "तारीख कुठली आहे?" नोटिशीची, सुनावणीची, व्हिसाची, कुठलीही. डोनानं तिला शिकवलं होतं की माणूस बरोबर असो की चूक, तारीख गेली की काही उरत नाही.

त्या वर्षी आम्ही खोट्या खटल्याच्या स्पर्धेत उतरलो होतो. म्हणजे एक काल्पनिक खटला देतात, मुलंच वकील आणि मुलंच साक्षीदार होतात, आणि खरे वकील गुण देतात. समोर सगळी मोठी विद्यापीठं. इरा आमची मुख्य वकील. कुठल्याही बाजूनं उभी करा, तेवढ्याच ताकदीनं बोलायची. एका चांगल्या विद्यापीठानं तिला पुढच्या दोन वर्षांसाठी जागाही दिली होती. एकवीस पूर्ण झाली की वडिलांच्या व्हिसावर राहता येणार नव्हतं, म्हणून स्पर्धा झाली की विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करायचा, असं घरी ठरलं होतं.

त्याच सुमारास किशोर मला आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या लायब्ररीत दिसायला लागला. मागच्या कोपऱ्यातलं टेबल, इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, बाजूला डबा. मी विचारलं, "तू इकडे कुठे?" तर म्हणाला, "ताई, आमची टीम आता रिमोट आहे. घरी लक्ष लागत नाही. गावच्या लायब्ररीत सगळे ओळखीचे भेटतात, गप्पाच मारत बसतात. इथे आपलं कुणी फिरकत नाही." ते खरंच होतं. आपलं कुणी कम्युनिटी कॉलेजात फिरकत नाही. मी हसले आणि वर गेले.

मग एकदा तो मला जिन्याशी भेटला. म्हणाला, "ताई, एक विचारायचं होतं. माझ्या एका मित्राचा जॉब गेला. त्याला किती दिवस राहता येतं? आणि त्याच्या मुलीला स्टुडंट व्हिसा मागता येईल का?"

उत्तर मला माहीत होतं. इथे व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, आणि बायकामुलांचा नवऱ्याच्या व्हिसाला. नोकरी गेली की साधारण दोन महिन्यांची सवलत. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करा, नाहीतर देश सोडा. पण मी वकील नाही. मी म्हणाले, "मुदत असते, पण ती कधीपासून धरायची ते डोनाच सांगेल. बुधवारी वर पाठव त्याला. आणि किशोर, त्याला म्हणावं, मुदत संपायच्या आत ये. नंतर आलास तर तीही काही करू शकणार नाही."

"सांगतो," तो म्हणाला. "थँक यू, ताई."

त्या वसंतात आयटीतल्या नोकऱ्या जात होत्या आणि मला असे बरेच मित्र भेटत होते. हाही त्यांतलाच एक असं मी धरलं. मित्र बुधवारी आला नाही. येणार कसा? दाराशी इरा बसलेली असायची.

स्पर्धेत आम्ही जिंकलो नाही, पण उत्कृष्ट वकिलाचं बक्षीस इरालाच मिळालं. समारोपाचं भाषण करताना तिनं हातात कागद घेतला नव्हता. किशोर आणि संध्या प्रेक्षकांत होते. किशोर इतका रडत होता की शेजारच्या बाईनं त्याला रुमाल दिला. मला वाटलं, बापाचं मन.

सोमवारी सकाळी इरा माझ्या खोलीत आली आणि दार लावून उभी राहिली.

"मावशी, बाबांचा जॉब गेलाय. लाइक, टू मंथ्स अगो."

मी तिला खुर्ची पुढे केली.

"आईला माहीत होतं. दे बोथ न्यू. कॉम्पिटिशन होईपर्यंत मला सांगायचं नाही असं ठरवलं त्यांनी. तोपर्यंत नवा जॉब मिळेल असं वाटलं बाबांना. रोज शर्ट घालून निघायचे, लायब्ररीत बसून काम करतो म्हणायचे." तिचा आवाज तोवर शांत होता, मग फुटला. "ही वॉज डाउनस्टेअर्स, मावशी. मी इथे वर लोकांना विचारत होते, तारीख कुठली, तारीख कुठली. अँड माय ओन डॅड वॉज डाउनस्टेअर्स."

मुदत आदल्या आठवड्यात संपली होती.

डोनानं बुधवारची वाट पाहिली नाही, त्याच दुपारी आली. समोर किशोर, संध्या, इरा, आणि मी बाजूला. तिनं सांगितलं की उशिरा केलेला अर्ज क्वचित मान्य होतो, पण उशीर का झाला याचं कारण असाधारण लागतं, जे माणसाच्या हाताबाहेरचं होतं असं. आजारपण, अपघात. मग तिनं किशोरला विचारलं, "तुम्ही का आला नाहीत?"

किशोर म्हणाला, "शी हॅड हर कॉम्पिटिशन."

डोनानं माझ्याकडे पाहिलं. मग मी तिला सांगितलं, आणि सांगताना मलाच ते कसं वाटत होतं काय सांगू. आमच्याकडे मुलांच्या परीक्षेच्या वेळी घरात वाईट बातमी बोलत नाहीत. माझ्या बारावीच्या परीक्षेत माझा मामा गेला, ते मला शेवटचा पेपर देऊन आल्यावर कळलं. आई तोवर रोज मला पोळीभाजी करून वाढत होती आणि न्हाणीघरात जाऊन रडत होती. याला आमच्याकडे फसवणं म्हणत नाहीत. प्रत्येक चांगल्या घरात असंच करतात. मी स्वतः माझ्या मुलांच्या बाबतीत हेच केलं असतं.

डोनानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला समजलं. पण मी हे ज्या अधिकाऱ्याला लिहीन त्याला नाही समजणार." तरी तिनं लिहिलं, तिच्या परीनं फार चांगलं लिहिलं. त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी तिनंच सल्ला दिला की जास्त दिवस बेकायदा राहण्यापेक्षा निघा, भारतात जाऊन इराचा विद्यार्थी व्हिसा मागा, विद्यापीठानं जागा पुढच्या सत्रापर्यंत ठेवली आहे.

त्यांचं घर आवरायला मी दोन-तीनदा गेले. संध्या भांड्यांची खोकी भरत होती आणि कुणी आलं की "थोडे दिवस नागपूरला जातोय, सासूबाईंची तब्येत" असं सांगत होती. इरा एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, प्लीज. स्टॉप. आपण परत जातोय कारण बाबांचा जॉब गेला. से इट." संध्यानं हातातली कढई खाली ठेवली आणि रडायला लागली. मला त्या मुलीचा राग आला, आणि तिचं बरोबर आहे हेही कळत होतं. बापाशी मात्र ती त्या दिवसांत कामापुरतंच बोलायची. तो तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहायचा आणि परत फिरायचा.

विमानतळावर मी गेले नाही. माझ्याच्यानं होणार नव्हतं.

नागपूरहून इरा मला व्हिडिओवर फोन करायची. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीची तयारी आम्ही तशी करायचो. मी व्हिसा अधिकारी व्हायची आणि तिला प्रश्न विचारायची. विद्यार्थी व्हिसाची गोम अशी, की शिकून झाल्यावर आपण परत भारतात जाणार, आपलं सगळं तिकडे आहे, हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. चार वर्षांची असल्यापासून अमेरिकेत वाढलेल्या मुलीनं हे पटवायचं. मी विचारलं, "व्हेअर इज युअर होम?" पहिल्या वेळी ती आजी-आजोबांविषयी छान बोलली. दुसऱ्या वेळी नागपूरच्या घराविषयी बोलली. तिसऱ्या वेळी मध्येच थांबली.

"मावशी, इट्स नॉट ट्रू."

कुठलीही बाजू मांडायला मीच तिला शिकवलं होतं. पण तिथे नाव दुसऱ्याचं असायचं. मी तिला खोटं बोल असं म्हणाले नाही. खरं बोल असंही मला त्या दिवशी म्हणवलं नाही. मी म्हणाले, "बाळा, पाणी पी. आपण उद्या करू."

इकडे कॉलेजनं आमचा कार्यक्रम वाढवला. आता तीन वर्ग आहेत, आणखी एक वकील मंगळवारी येतो, डीन पाहुण्यांना आमची खोली दाखवायला आणतो आणि सगळं आपल्यालाच सुचलं असं सांगतो. मी सांगू देते. बुधवारच्या टेबलाशी आता दुसरी मुलं बसतात, चांगली आहेत. आपले लोक अजून मित्रांसाठी येतात. हल्ली मी मात्र विचारते, "मित्र कोण? तूच का?" काही जण रागावून जातात. काही जण खुर्चीत बसतात.

इराची मुलाखत झाली तेव्हा इथे पहाट होती. मी चहा टाकला होता आणि फोन शेजारी ठेवला होता. फोन आला तो किशोरचा.

"ताई, नाही मिळाला."

मी गॅस बंद केला. "इरा कुठेय?"

"टॅक्सीत बसलीय. मी बाहेर येऊन बोलतोय. वकिलातीत मोबाइल नेऊ देत नाहीत, तिचा मोबाइल माझ्याकडेच होता. रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. त्यांनी विचारलं म्हणे, घर कुठे आहे. हिनं सांगितलं, न्यू जर्सी."

"आणि मग?"

"मग काय. आली बाहेर. रस्ता ओलांडला आणि समोर उभी राहून म्हणाली, बाबा, नाही मिळाला. मी खरं सांगितलं म्हणून नाही मिळाला. मी आता परत अर्ज करणार नाही, इथेच लॉला जाणार. सगळं एका दमात. मी म्हणालो, अगं, आधी बस तरी, पाणी तरी पी. तर म्हणाली, बसून सांगितलं असतं तर वेगळं झालं असतं का?"

 मग नुसते गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. 

"किशोर?"

"बरं केलं पोरीनं, ताई," तो म्हणाला. "मला नाही जमलं." आणि तो तिथे रस्त्यावर रडायला लागला. टॅक्सीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग इराचा, "बाबा, या इकडे." मी फोन ठेवला नाही, त्यांनीही बंद केला नाही, आणि बराच वेळ मी त्या दोघांचं रडणं ऐकत उभी होते.